२३४ किलोमीटरची रांग आणि प्रत्येक कडेवर एक नाव

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या वेशीवर एक चांदीचं पदक जमिनीवर ठेवलं, असं समजा. व्यास ३६ मिलिमीटर. त्याला चिकटून दुसरं ठेवलं, मग तिसरं, आणि रांग घोट, चामोर्शी, गडचिरोली करत पुढे नेली. आरमोरीनंतर वैनगंगा ओलांडली, ब्रह्मपुरी गेलं, नागभीड गेलं, उमरेड मागे पडलं, तरी पदकं संपत नाहीत. रांग थांबते ती नागपूरजवळ, २३४ किलोमीटर भरल्यावर. ही सगळी पदकं एकाच प्रकारची आणि एकाच युद्धाची आहेत.

त्या पदकाचं नाव ब्रिटिश वॉर मेडल. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९मध्ये ते जाहीर झालं आणि साम्राज्यातल्या सैनिकांसाठी चांदीची सुमारे ६५ लाख पदकं पाडली गेली. एकेका पदकात साधारण एक औंस, म्हणजे ३१ ग्रॅम चांदी. सगळ्यांचं वजन केलं तर २०० टनांच्या वर जातं. २०११च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख ४ हजार होती आणि गडचिरोलीची १० लाख ७३ हजार. दोन्ही जिल्ह्यांतल्या तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या-कोताऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातात एकेक पदक दिलं, तरी जवळजवळ तेवढीच पदकं शिल्लक राहतील.

आता त्यातलं एकच हातात घेऊन पाहू. पुढच्या बाजूला राजा पंचम जॉर्जचं मस्तक, मागे घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, कडेला १९१४ आणि १९१८ ही वर्षं. फीत मधोमध नारिंगी, दोन्ही बाजूंना पांढरी, काळी आणि निळी. इथपर्यंत ६५ लाखांतली सगळी पदकं सारखीच. पदक उभं धरून त्याची कड उजेडात फिरवली की मात्र फरक दिसतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या कडेवर इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. एका कडेवर सरासरी २५ अक्षरं धरली, तरी सगळ्या पदकांवर मिळून १६ कोटींहून जास्त अक्षरं होतात. सामान्य माणसांची नावं धातूवर लिहिण्याचं हे फार मोठं काम होतं.

पदकं जमवणारा जाणता संग्राहक म्हणूनच आधी कड बघतो. त्याच्या लेखी चांदीची किंमत वेगळी आणि नावाची किंमत वेगळी. नाव मिळालं की पलटण कळते. पलटण कळली की ती कोणत्या महिन्यात कुठे लढली, हे युद्धाच्या रोजनिशींतून काढता येतं. क्रमांकावरून माणूस पलटणीत कधी भरती झाला असेल, याचा अंदाज बांधता येतो. एका कडेवरच्या ओळीतून आख्खं आयुष्य उभं करायचं, हा या छंदाचा खरा अर्थ आहे.

भारताच्या वाट्याचे आकडे पाहिले की या एका ओळीचं मोल कळतं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली. २०११च्या जनगणनेत आख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात तेवढी माणसं नव्हती. परत न आलेल्यांची संख्या सुमारे ७४ हजार. मुलचेरा तालुक्याची लोकसंख्या ४६ हजारांच्या आसपास. म्हणजे आख्खा तालुका रिकामा झाला आणि वर त्याच्या निम्म्याहून जास्त माणसं गेली, एवढं मोठं ते मरण होतं. एक नाव नीट उच्चारायला तीन सेकंद लागतात असं धरलं, तर या ७४ हजार मृतांची नावं न थांबता वाचायला ६१ तासांहून जास्त वेळ लागेल. गेलेल्या १३ लाखांची नावं वाचायला ४५ दिवस आणि ४५ रात्री.

अडचण अशी, की यातली कितीतरी नावं वाचायलाही उरलेली नाहीत.

देशात अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसवलेली एक दगडी पाटी आढळते. महाराष्ट्रातल्या गावांतही ती आहे. तिच्यावर लिहिलेलं असतं, की या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस. कोण गेलं आणि कोण मेलं, हे दगड सांगत नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाची गत तीच. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि समाधीचा पत्ता नसलेल्या ४० हजारांहून जास्त माणसांसाठी ते उभारलं गेलं. ब्रिटिश शिपायांची नावं त्यावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक फक्त आकडा लिहिला. तीस हजारांहून जास्त माणसं अशी एका अंकात गुंडाळली गेली. दिल्लीच्या इंडिया गेटवर नावं आहेत, पण ती १३ हजारांच्या आसपास.

समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१मध्ये हा अन्याय स्वतःच मान्य केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या मृतांपैकी ४५ ते ५४ हजार जणांना गोऱ्या सैनिकांसारखी स्मृती लाभली नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानं नोंदच झाली नाही किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, असं त्यांच्या अहवालात आहे. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. माफी योग्यच होती, पण माफीनं नाव परत येत नाही. घरातल्या ट्रंकेत पडलेल्या पदकाच्या कडेवरून ते येऊ शकतं. दगडानं जे गाळलं, ते चांदीनं जपून ठेवलं आहे.

धातूतही भेद होता. ६५ लाख चांदीच्या पदकांबरोबर सुमारे १ लाख १० हजार पदकं काशाची काढली गेली. ती मजूर तुकड्यांसाठी होती: चिनी, माल्टाचे आणि हिंदी मजूर. युद्धासाठी हिंदुस्थानातून भरती झालेल्या माणसांत साडेपाच लाखांच्या आसपास लोक बिनलढाऊ होते. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी, झाडूवाले, रस्ते खणणारे, झाडं तोडणारे. फ्रान्समधल्या मजूर तुकड्यांत छोटा नागपूर आणि ईशान्येच्या डोंगरांतले आदिवासी हजारोंनी होते. जंगलातल्या माणसाची मेहनत साम्राज्याला हवी होती. तिची नोंद काशात झाली आणि शिपायाची चांदीत. संग्राहकांच्या जगात आज काशाचं पदक दुर्मीळ म्हणून जास्त शोधलं जातं. ज्यांना कमी लेखलं गेलं, त्यांच्या खुणा जास्त मोलाच्या ठरल्या.

नावं एकगठ्ठा सापडली तर काय होतं, हे पंजाबनं दाखवून दिलं. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धानंतरच्या नोंदवह्या पडून होत्या: सुमारे २६ हजार पानं, ३ लाख २० हजार पंजाबी सैनिक, गावनिहाय. २०२१मध्ये त्या संगणकावर सगळ्यांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि लंडन-टोरंटोत राहणाऱ्या माणसांना पणजोबा कोणत्या पलटणीत होता, हे पहिल्यांदा कळलं. महाराष्ट्रातल्या गावांसाठीही असा प्रकल्प व्हायला हवा, आणि त्याची पहिली कच्ची नोंद घराघरांतल्या पदकांच्या कडांवर तयार आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे आकडे आणखी मोठे. हिंदी सैन्यात २५ लाख माणसं होती, चंद्रपूर जिल्ह्याच्या २०११च्या लोकसंख्येपेक्षा जास्त. त्यातले सुमारे ८७ हजार गेले. या पदकांबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ब्रिटननं आपल्या सैनिकांना त्या युद्धाची पदकं दिली ती कोऱ्या कडेची. आज ती बाजारात आली तर कुणाची, हे सांगता येत नाही. हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांवर मात्र क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली आहे. म्हणजे १९३९ ते १९४५च्या युद्धाबाबत साताऱ्याच्या शिपायाचं पदक लंडनच्या शिपायाच्या पदकापेक्षा जास्त बोलतं.

ही कड वाचली की इतिहासातले धागे कसे जुळतात, ते पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे आकडे आणि पुढे मराठा पलटणीचं नाव दिसतं. १९२२च्या फेररचनेत या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ नंबरची पलटण तिची पहिली बटालियन बनली, ११० नंबरची तिसरी. या दोन्ही पलटणी आणि ११७वी १९१५-१६मध्ये इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होत्या. १४७ दिवस उपाशी झुंजून २९ एप्रिल १९१६ला तिथल्या सुमारे १३ हजार सैनिकांना शरण जावं लागलं. त्यांतले हजारो पुढे कैदेत मेले. अठ्ठावीस वर्षांनी, १० जुलै १९४४ला, त्याच जुन्या ११० नंबरच्या, म्हणजे तिसऱ्या बटालियनच्या यशवंत घाडगे यांनी इटलीत एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर धाव घेतली आणि तिथेच प्राण ठेवला. ९ एप्रिल १९४५ला जुन्या १०३ नंबरच्या, म्हणजे पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना वाचवून शत्रूची ठाणी उडवली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या पलटणींनी कुटला शरणागती पाहिली, त्यांच्याच वारसांनी इटलीत सर्वोच्च पदकं मिळवली. कडेवरचा तीन आकडी नंबर वाचता आला नाही, तर हा धागा हातातून सुटतो.

विदर्भाचा माणूस या पदकांच्या जगात आणखी मागे जाऊ शकतो. १८५१मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या लढायांसाठी आर्मी ऑफ इंडिया मेडल काढलं गेलं. फितीवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, लावायची. असे एकूण २१ क्लास्प होते आणि त्यातल्या १० क्लास्पवर आजच्या महाराष्ट्रातल्या लढाया आहेत: असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, खडकी आणि पुणे एकत्र, सीताबर्डी, नागपूर, सीताबर्डी आणि नागपूर एकत्र, कोरेगाव. असईची लढाई १८०३ची. म्हणजे पदक आलं ४८ वर्षांनी, आणि तेही फक्त जिवंत उरलेल्यांना. सुमारे साडेचार हजार पदकं दिली गेली. मधल्या पाच दशकांत जे मेले, ते त्या मोजणीत आलेच नाहीत.

त्या २१ नावांत चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, नाही. मे १८१८मध्ये कंपनीच्या फौजेनं चांद्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि तो हल्ला करून घेतला. त्यासाठी वेगळा क्लास्प निघाला नाही. पुढे चाळीस वर्षांनी हाच जंगलपट्टा पेटला. बाबुराव शेडमाके यांनी १८५८मध्ये गोंड तरुणांची फौज उभी केली. मुलचेऱ्याच्या शेजारचा अडपल्ली-घोटचा मुलूख आणि अहेरीचं रान त्या लढ्याचं मैदान होतं. २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी दिली गेली. १८५७-५८चा उठाव मोडल्याबद्दल इंग्रज सरकारनं जे पदक काढलं, त्याची संख्या सुमारे २ लाख ९० हजार होती. बाबुरावांच्या बाजूनं लढलेल्यांसाठी पदकांची संख्या शून्य. टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं ते १२ मार्च २००९ला, दीडशे वर्षांनी.

हे दोन आकडे, २ लाख ९० हजार आणि शून्य, पदकांच्या प्रत्येक संग्राहकानं शेजारी शेजारी ठेवायला हवेत. पदक ही राज्यकर्त्याची नोंद असते. त्यानं ज्याला मोजलं, त्याची कड बोलते. ज्याला मोजलं नाही, त्याचं नाव गाण्यात, वंशावळीत आणि गावाच्या तोंडी शोधावं लागतं. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी संशोधन करणाऱ्याला ही दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं करावी लागतात.

स्वतंत्र भारतानं मोजमाप बदललं. आपलं सर्वोच्च शौर्यपदक परमवीर चक्र. २६ जानेवारी १९५०ला ते सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७पासूनच्या पराक्रमाला लागू केलं गेलं. त्याची रचना एका मराठी घरातल्या सुनेनं केली: सावित्रीबाई खानोलकर. जन्म स्वित्झर्लंडमधल्या नुशातेलचा, पती लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर. संस्कृत आणि पुराणांचा त्यांचा अभ्यास दांडगा. चक्रावर त्यांनी इंद्राची चार वज्रं आणली आणि धातू निवडला तो साधं कासं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळालं. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते. कारवारच्या रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढले आणि हे चक्र जिवंतपणी मिळवलं.

या चक्राचा व्यास दीड इंचाहूनही कमी, सुमारे ३५ मिलिमीटर. आजवर दिलेली परमवीर चक्रं एकूण २१, त्यातली १४ मरणोत्तर. २१ची रांग लावली तर ती ७३ सेंटिमीटर भरते. शाळेच्या एका बाकावर मावते. एकीकडे मुलचेरा ते नागपूर आणि दुसरीकडे हे एक बाक. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या सगळ्या पदकांचा इतिहास पसरला आहे.

मुलचेऱ्याजवळ हा इतिहास अजून चालू आहे. तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. ज्या भूमीतून ती उखडली गेली, तिथे १९७१मध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांना ‘पूर्वी स्टार’ मिळाला. १६ डिसेंबरला ढाक्यात ९३ हजारांची शरणागती झाली, त्या मोहिमेचं हे पदक. जिल्ह्यातल्या पोलिसांच्या छातीवरची शौर्यपदकं तर याच रानातली आहेत. नक्षलवाद्यांशी लढणारं पोलिसांचं सी-६० पथक १९९०मध्ये उभं राहिलं. ८ ऑक्टोबर २००९ला लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले, १ मे २०१९ला जांभुळखेड्याजवळ १५. त्यांतले कितीतरी जण इथल्याच गावांतले, इथल्याच बोली बोलणारे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २०१९मध्ये उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ सैनिकांची नावं कोरलेली होती, प्रत्येकाचं वेगळं. बसऱ्याच्या आकड्यांपासून आपण इथवर आलो, ही मोठी गोष्ट आहे.

तुमच्या घरात, नात्यात किंवा गावात जुनं पदक असेल, तर काम कसं करायचं, ते सांगतो. पदक घासून चकचकीत करू नका; घासण्यानं कडेवरची अक्षरं झिजतात. कड उजेडात तिरपी धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. क्रमांक, नाव आणि पलटण जशी दिसते तशी उतरवून घ्या. एका माणसाची दोन-तीन पदकं असतील, तर ती एकमेकांपासून तोडू नका; संच एकत्र असला तरच माणूस ओळखता येतो. मृत सैनिकांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची १७ लाख नावांची यादी संगणकावर फुकट पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या नोंदीत बरेचदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो. या भागातली माणसं शोधताना गडचिरोली हा शब्द घालून काही हाती लागणार नाही. गडचिरोली जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ला. दोन्ही महायुद्धांच्या काळात हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात, मध्य प्रांतात होता, म्हणून शोध चांद्याच्या नावानं घ्या. इंग्रजी स्पेलिंगं कारकुनाच्या कानावर अवलंबून असत. एकाच आडनावाची चार-पाच रूपं टाकून पाहा.

आणि एक विनंती. ही चांदी मोडीत घालू नका. जानेवारी १९८०मध्ये जगात चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा ब्रिटनमध्ये ही पदकं मोठ्या संख्येनं वितळवली गेली. एक औंस चांदीसाठी एका माणसाची नोंद गेली. परदेशी विकायचा विचारही करू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे. ठेवायला जागा नसेल, तर संग्रहालयाला किंवा पलटणीच्या केंद्राला द्या. पण आधी कडेवरचं नाव वहीत लिहून ग्रामपंचायतीत आणि गावच्या शाळेत द्या. गावाच्या दगडावर फक्त आकडा असेल, तर त्यातलं पहिलं नाव तुमच्या हातून भरलं जाईल.